पंचमीचा झोका
कुणी वाचलंच, तर माझ्या वाकड्या अक्षराला आणि चुकांना माफ करावं. आज नव्या दोराचा वास आला आणि लढाईच्या वर्षांतली आष्ट्याची पंचमी आठवली. धाकटे दीर पलटणीत होते. दोन महिने त्यांचं पत्र नव्हतं. तरी त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, पदर खोचून लिंबाच्या झोक्यावर उंच चढत होती. "आक्का, या की! जीव लय हलका झालाय!" मी सगळ्या बायकांदेखत ओरडले, "नवरा लढाईवर, अन् तुला हसू येतंय व्हय गं? उतर खाली!" ती खोचलेला पदर सोडून उतरली. चार दिवसांनी पत्र आलं. घरात वाचता येणारी मी एकटीच. दिरांनी लिहिलं होतं, "पंचमीला तिला उंच झोका बांधून द्या. ती हसताना डोळ्यांपुढं आली की मला इथं बरं वाटतं." सासूबाई समोर बसलेल्या. मला लाज वाटली आणि मी तेवढंच गाळून वाचलं. "आणिक काय लिवलंय, आक्का?" जावेनं विचारलं. "काय न्हाई. खुशाल हायत." पुढच्या पंचमीला मीच तिचा हात धरून तिला झोक्यापाशी नेलं. ती म्हणाली, "नको आक्का, लोक बघत्यात." आता ती नाही. तिच्यासाठी लिहिलेलं तेवढं वाचून दाखवायला मला कधीच धीर झाला नाही.