विमानातून उतरवलेल्या बाई

मद्रासच्या विमानतळावर मी नोकरीला लागलो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. साताऱ्याकडून आलेला, तमिळ जेमतेम. काउंटरवर तिकिटं बघायची, सामान तोलायचं, मग प्रवाशालाही काट्यावर उभं करून त्याचं वजन कागदावर मांडायचं, हे माझं काम. विमानं लहान होती, एकवीस माणसांची. बायका काट्यावर चढताना संकोचायच्या, म्हणून मी आकडा मोठ्याने वाचत नसे.

मे महिन्यातल्या एका सकाळी मुंबईच्या विमानासाठी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, नऊवारी नेसलेल्या, हातात एक कापडी पिशवी. माझ्या कोटावरचा नावाचा बिल्ला वाचून त्यांनी विचारलं, "तुम्ही मराठी आहांत कां?"

मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल असलेली. घराणं तंजावरचं, राहायला मैलापूर, तिथल्याच शाळेत शिक्षिका. मुंबईत बँकेत नोकरी करणारा एकुलता एक मुलगा विषमज्वराने आजारी होता. आदल्या दुपारी तार आली होती, ताबडतोब निघा. आगगाडीने दीड दिवस लागला असता, म्हणून संध्याकाळी धावपळ करून त्यांनी विमानाचं तिकीट काढलं होतं. आयुष्यातला पहिलाच विमानप्रवास.

"तुम्ही भेटलांत, मज धीर आला," त्या म्हणाल्या.

मी स्वतः त्यांना शिडीपर्यंत सोडलं. खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, पट्टा बांधून दिला. चारच्या सुमारास मुंबईला पोचाल, असं सांगितलं. त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि डोळे मिटले.

मी परत काउंटरशी आलो तर आमचे मॅनेजर फोन खाली ठेवत होते. दिल्लीचे कोणी अधिकारी विमानतळाच्या वाटेवर होते, त्यांना मुंबईला जाणं भाग होतं. जागा एकही नव्हती.

"शेवटचं तिकीट कुणाचं?" मॅनेजरनी विचारलं.

यादी माझ्याच हातात होती. नियम साधा होता: ज्याने शेवटी तिकीट काढलं तो आधी उतरणार. मी बाईंची हकीकत सांगितली. मॅनेजर तसे वाईट नव्हते. ते म्हणाले, "तुमच्या भाषेच्या आहेत ना, मग तुम्हीच सांगा. त्यांना नीट समजेल."

मी पुन्हा शिडी चढलो. बाकीचे वीस जण माझ्याकडे बघत होते. मी वाकून हळूच म्हणालो, "बाई, तुम्हाला खाली यावं लागेल. उद्याच्या विमानात तुमची जागा नक्की करतो."

त्यांना वाटलं, कागदात काही चूक राहिली. "सही राहिली कां?" त्यांनी विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी पट्टा सोडायचा प्रयत्न केला. तो त्यांना सुटेना, मीच सोडला. त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. त्या भांडल्या असत्या, तर कदाचित एखादा प्रवासी उठून म्हणाला असता, मी उतरतो. पण आम्ही दोघं मराठीत, तेही हळू आवाजात बोलत होतो. बाकी कुणाला काही कळलंच नाही.

त्यांना विमानतळाच्या इमारतीत बाकावर बसवून मी बाहेर आलो. दहा मिनिटं विमान थांबलं. अधिकारी आले नाहीत. मग कप्तानाने शिडी काढायला सांगितली, दार लागलं, डावा पंखा फिरू लागला. मी मॅनेजरांकडे धावलो.

"ते आलेच नाहीत. बाईंना चढवू का?"

"आता? कागदांवर सह्या झाल्यात. दार उघडायचं नाही."

मी आणखी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, निदान विमानापुढे जाऊन हात तरी करायला हवा होता. मी नोकरीत नवा होतो. धावपट्टीवरची धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभा राहिलो, आणि ती खुर्ची रिकामीच मुंबईला गेली.

दुसऱ्या दिवशीच्या विमानात मी त्यांना सगळ्यांच्या आधी बसवलं. त्यांनी हात जोडले.

महिन्याभराने मैलापूरच्या देवळाच्या तळ्याजवळ भाजी घेताना त्या मला दिसल्या. मी टाळून पुढे जाणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. त्या मुंबईला पोचल्या, तर मुलगा आदल्या संध्याकाळीच गेला होता. म्हणजे ज्या दिवशी मी त्यांना उतरवलं, त्या दिवशी, दिवेलागणीला. शेजाऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं की तो शुद्धीवर होता आणि सारखा दाराकडे बघत होता.

त्यांनी विचारलं, "त्या दिवशीं माझे जागीं कोण गेलें?"

"दिल्लीचे एक अधिकारी," मी म्हणालो.

"त्यांचें काम तरी झालें ना?"

"झालं."

त्यांनी मान हलवली. मग भाजीवालीशी तमिळमध्ये बोलून वांगी निवडू लागल्या. एका माणसापुरती, चारच.

त्या नोकरीत मी पुढे बरीच वर्षं काढली. कितीतरी लोकांना उतरवलं. काही ओरडले, एकाने माझी कॉलर धरली. ते चेहरे मला आज आठवत नाहीत. बाईंना खरं सांगायचं असं मी दोनदा ठरवलं, एकदा त्यांच्या गल्लीपर्यंत गेलोही. पण खरं सांगून त्यांना काय मिळणार होतं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही. मी तसाच बस पकडून परत आलो.