रुपीच्या मोहाखालचा तंबू

माझी जाऊ रुपी फटकळ तोंडाची. राजा असो की पाटील, तिच्या लेखी सगळे 'तू'. आम्ही दाभोस्याच्या वरच्या पाड्यावरचे. आमच्यात मोहाची झाडं घरवार वाटलेली; दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलायचं नाही. रुपीच्या वाट्याला एकच झाड, पण चांगलं डेरेदार. त्या साली रानडुकरांनी तिची नागली पार नासवली होती. पावसाळ्यात पोरांना शिजवून घालायला वाळवलेल्या मोहफुलांवाचून काही नव्हतं.

आणि नेमका त्याच झाडाखाली जव्हारच्या महाराजांच्या पाहुण्यांनी तंबू ठोकला! मुंबईचं नवरा-बायकोचं जोडपं, हवा खायला आलेलं. सावली चांगली म्हणे. रुपीनं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण बरोबरचा शिपाई तिला जवळ फिरकू देईना.

पहाटे फुलं गळू लागली. शिपायाचा डोळा चुकवून रुपी गेली, तर तंबूच्या कापडावर फुलांचा थर! ना माती, ना पालापाचोळा. दरवर्षी निम्मी फुलं डुकरं नि भेकरं खाऊन जात. यंदा शिपायाच्या धाकानं एकही आलं नव्हतं. तिनं काठीनं कापड हलवून टोपली भरली. आवाजानं पाहुणीणबाई बाहेर आल्या, तर ही बया म्हणते कशी, तुझं घर झाडते, तू नीज. बाईंना हसू आवरेना; शिपायाला म्हणाल्या, हिला येऊ दे.

पण लगेच कानावर आलं की पाहुणे कंटाळलेत, सूर्यमाळच्या डोंगरावर निघालेत. रुपीचं धाबं दणाणलं. झाडावर अजून घोसच्या घोस लटकलेले. मग काय, धबधबा बघितल्याशिवाय जायचं नाही म्हणून ती बाईंना दाभोस्याच्या कड्यावर घेऊन गेली. नंतर डोहातले मासे. मग शेकरूचं घरटं, फुललेले पळस, सूर्य बुडताना दिसतो ती टेकडी. रोज संध्याकाळी सांगायची, उद्याचं याहून भारी आहे. साहेब पाय धरून कण्हायचे नि बाई पहाटेच तयार! आम्ही म्हणायचो, रुपीला येड लागलंय. ती आम्हालाच शिव्या घालायची.

शेवटी डोंगर संपले. त्या सकाळी बाईंनी हौसेनं विचारलं, आज कुठं? रुपी तंबूपुढं मटकन बसली.

"आता दाखवायला काही नाही, बाई. मला तुझा तंबू पाहिजे होता. ही फुलं माझी पोरं पावसात खातात. झाड रिकामं होईस्तोवर राहा."

मी तिच्या मागंच उभी होते. मला वाटलं, आता बाई भडकणार. त्यांनी टोपलीतलं एक फूल उचलून तोंडात टाकलं, सावकाश चावलं. मग शिपायाला हाक मारली. सामानाचा तंबू होता ना तिकडं ओढ्याकाठी, तोही उपटून झाडाच्या पलीकडच्या अंगाला, फांद्यांखाली ठोकायला सांगितला.

शिपाई पुटपुटत खुंट्या घेऊन आला. रुपी पदर तोंडात कोंबून हमसून हमसून रडायला लागली. एवढी फटकळ बाई, तिचं रडणं मला बघवेना. मी शिपायाच्या हातातला दगड घेतला नि खुंट्या ठोकायला बसले.