झाडांचा निरोप्या

समस्त हिंगणीवासी, सेलू तालुक्यातले सोयरे-धायरे आणि बस स्टँडवर विनाकारण उभे राहणारे नागरिक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमचे देवरावजी ठोंबरे यांच्या तोंडून आजवर एकही माणूस मेलेला नाही.

हे कौतुक नीट समजायला हवे, कारण देवरावजींचे आयुष्यच मयतीचे निरोप पोचवण्यात गेले. फोन नव्हते तेव्हा हिंगणीत कोणी गेले की पहिला माणूस देवरावजींकडे धावायचा, दुसरा लाकडांकडे. देवरावजी सायकल काढायचे आणि जिथे लेक दिली असेल, बहीण दिली असेल तिथे जायचे. समुद्रपूर म्हणा, नाचणगाव म्हणा, त्यांना अंतराचे काही वाटत नसे. पोचल्यावर दारातच उभे राहायचे. आत यायचे नाहीत, बसायचे नाहीत, पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. टोपी काढून हातात धरायचे आणि म्हणायचे, "बुढा जरा सिरियस हाय. जेवून घ्या अन निघा."

बुढा तेव्हा अंगणात तिरडीवर असायचा. पण खरी बातमी 'सिरियस'मध्ये नव्हती, ती 'जेवून घ्या'मध्ये होती. एकदा निरोप कळला की त्या घरात चूल पेटायची नाही, हे देवरावजींना ठाऊक. म्हणून आधी चार घास पोटात जाऊ द्यायचे.

मी एकदा त्यांना छेडले. "काकाजी, एवढे देवभक्त तुम्ही, अन दारोदारी जाऊन खोटं बोलता?"

"खोटं कुठं हाय बाप्पा," ते म्हणाले. "निरोप एका घोटात पाजाचा नसते. पयला घोट मी देतो. दुसरा रस्ता देते. तिसरा घरापुढची गर्दी देते. पोचेपर्यंत मानसाले आपोआप समजते."

मग मोबाईल आले आणि देवरावजींचा धंदा बसला. धंदा कसला, एक पैसा कधी घेतला नव्हता, पण मान होता तो गेला. "मोबाईलनं मानसं धाडधाड मारून टाकली," असे ते म्हणायचे. पोटासाठी ते कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी उचलायचे. तीही बंद पडली. बोरच्या जंगलाला लागून त्यांची अर्धा एकर भाजीची वाडी होती. तिथे रानडुकरांनी इतक्या नियमाने यायला सुरुवात केली की शेवटी देवरावजींनीच जायचे सोडले. घरात ते आणि बायको अनसूयाबाई. गुडघे दुखायचे, वय एकसष्ट. अशा माणसाला कोण काम देणार?

तर एका ॲपने दिले.

स्टँडवर माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान आहे, त्यामुळे तालुक्यात येणारे प्रत्येक नवे खूळ आधी माझ्या काउंटरवर येते. हे खूळ असे होते की, परदेशातल्या कुठल्यातरी कारखान्याने तिकडे धूर सोडायचा आणि तो आमच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, झाडांनी इकडे खायचा. त्यासाठी एका कंपनीने शेतकऱ्यांना आवळा, बांबू, करंज, कडुनिंब, सागवान अशी रोपे वाटली. झाडे जगली की नाहीत हे बघायला गावोगावी माणसे हवी होती. त्यांना 'हरित मित्र' म्हणायचे. प्रत्येक झाडापाशी चालत जायचे, मोबाईलवर फोटो काढायचा आणि तीनपैकी एक बटण दाबायचे: जिवंत, कमजोर, मृत. बटण दाबताच शेतकऱ्याच्या मोबाईलवर तसा मेसेज जाणार.

शर्त एकच होती, पंचक्रोशीतला प्रत्येक धुरा माहीत हवा. मी फॉर्ममध्ये देवरावजींचे नाव घातले. आठवड्यात हिरवा टी-शर्ट आला. तो त्यांनी धोतरावर घातला, वर पांढरी टोपी ठेवली आणि दुकानात येऊन उभे राहिले. मी म्हटले, "काकाजी, झेंड्यात फक्त केशरी राह्यला." हसले नाहीत. म्हणाले, "पगार मयन्याच्या मयन्याले येते म्हने. जिनिंगमंदी बी असा येत नव्हता."

कामाच्या पहिल्याच दिवशी गोंधळ झाला. सुशीलाबाईच्या धुऱ्यावरचा आवळा वाळला होता, म्हणून देवरावजी तिच्या दारात जाऊन उभे राहिले. सवयीने टोपी हातात. सुशीलाबाई तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली, दारात देवरावजी पाहिले आणि तिच्या हातातले सूप खाली पडले. तिची आई नाचणगावला अंथरुणाला खिळलेली.

"माय गेली का माही?"

"माय बरी हाय," देवरावजी म्हणाले. "आवळा जरा सिरियस हाय."

गाव आठ दिवस हसले. मी तर हा प्रसंग गिऱ्हाईक पाहून दोन्ही आवाजांत करून दाखवायचो. पण हसण्याच्या भरात एक गोष्ट मलाही दिसली नाही. देवरावजी वाळलेल्या झाडापाशी 'मृत' दाबतच नव्हते. ते 'कमजोर' दाबायचे, मग त्या शेतकऱ्याकडे जाऊन हळूहळू विषय काढायचे आणि पुढच्या फेरीला 'मृत' दाबू म्हणायचे. माणूस जेवत असेल, कुणाकडे पाहुणे असतील, आणि मोबाईलवर धाडकन 'तुमचे झाड मृत आहे' असे जायचे, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

पुढची फेरी यायच्या आधी कंपनीची जीप आली. त्या वर्षी रोपे उशिरा वाटलेली, नंतर पावसाने दिलेली दडी, रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरे होतीच. जीपमधल्या साहेबांनी देवरावजींची 'कमजोर' झाडे पाहिली. धुऱ्यावर काड्या उभ्या होत्या. काही ठिकाणी काडीही नव्हती, नुसता खड्डा होता. साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर काहीतरी केले आणि देवरावजींच्या ॲपवर लाल पट्टी आली: खोटी माहिती दिल्यामुळे आपली आयडी स्थगित करण्यात आली आहे.

देवरावजी ती पट्टी घेऊन माझ्या दुकानात आले. मी वाचून दाखवली. 'स्थगित' त्यांना कळले नाही, 'खोटी' कळले.

"माहा निरोप खोटा म्हनते थो?" त्यांनी विचारले. दुसऱ्यांदाही तेवढेच विचारले.

त्यानंतरचे पंधरा दिवस आठवले की मला अजूनही माझ्या त्या नकलांची लाज वाटते. रोज सकाळी मी शटर उचलायच्या आधी ते पायरीवर बसलेले असायचे. "पाहा बरं भाऊ, सुरू झाली का." झालेली नसायची. मग कंपनीला मेसेज करायचा. तिकडून यंत्राचे ठरलेले उत्तर यायचे, 'आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' देवरावजींना ते उत्तर माणसाचे वाटायचे. ते मला सांगायचे, "लिहा, तुमचे लय उपकार झाले. घरी सगळे बरे असतीन." मी लिहायचो. पुन्हा तेच उत्तर यायचे. "पाहा," ते म्हणायचे, "मानूस चांगला हाय, त्याच्या हातात नसंल."

घरातले डबे आता रिकामे होऊ लागले. अनसूयाबाई दुसऱ्यांच्या ओलिताच्या शेतात तण निंदायला जाऊ लागल्या. साठीच्या बाईला उन्हात वाकलेली पाहून देवरावजी त्या वाटेने जायचेच बंद झाले. एक दिवस मला म्हणाले, "भाऊ, डुकरानं वाडी खाल्ली तवा वाटलं, डुक्कर हाय, त्याले काय म्हनाव. पन हे कोन हाय? याच्यापुढं टोपी काढून उभं कुठं राहाव?"

शेवटी उत्तर आले, खऱ्या माणसाचे. सात दिवसांत सगळी झाडे पुन्हा तपासा, अचूक माहिती भरा, मग आयडीचा विचार करू. तेवढ्यापुरते ॲप उघडले.

त्याच दिवशी समुद्रपूरच्या हरित मित्राचा फोन आला. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये त्यांची ओळख झाली होती. फोन मीच स्पीकरवर लावून दिला.

"काकाजी, काऊन उन्हात मरता? एक चांगला कडुनिंब पाहा. त्याचेच चारी बाजूनं फोटो काढा. ॲपमंदी फोटोची जागा बदलाची युक्ती मी सांगतो. माह्यं एक बी झाड मेलं नाई."

"तिकडं पानी चांगलं असंल."

"पानी नाई, कडुनिंब चांगला हाय."

देवरावजींनी फोन माझ्याकडून घेऊन तोंडाजवळ धरला. मला वाटले, आता हो म्हणतील. मनातून मलाही वाटत होते की म्हणावे. मग ते म्हणाले, "म्या निरोप उशिरा सांगतला असंल बाबू. बदलला नाई कधी."

वैशाख होता. वर्ध्याच्या वैशाखात कावळासुद्धा कामाशिवाय उडत नाही. मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवायचो आणि त्यांना स्कूटीवर मागे बसवून न्यायचो. रस्ता संपला की ते उतरायचे आणि धुऱ्याधुऱ्याने चालायचे. गुडघा आखडला की हाताने मांडी उचलून पाय पुढे टाकायचे. काडीपाशी पोचले की आधी शेतकऱ्याला फोन.

"नामदेवराव, जेवले का?"

"जेवलो. काऊन?"

"बसले हा का उभे हा?"

"देवरावजी, कोन गेलं ते सांगा ना."

"करंज गेला. तिन्ही गेले. आता मॅसेज येईन, तं दचकू नोका."

मग टोपी काढायची, घाम पुसायचा आणि अंगठ्याने 'मृत' दाबायचे. पहिल्या दिवशी एकेका झाडाला पाच-पाच मिनिटे लागली. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आयुष्यात कोनाले मारलं नाई भाऊ, अन आता अंगठ्यानं मारून राह्यलो." सातव्या दिवशी शेवटचा सागवान भरून झाला तेव्हा ते धुऱ्यावरच बसले आणि मी पाण्याची बाटली पुढे केली ती त्यांनी घेतली नाही. मी घाबरलो. "काकाजी, पाणी घ्या." ते म्हणाले, "निरोप्या पानी नाई घेत." मी त्यांच्या डोक्यावर बाटली रिकामी केली आणि शिव्या देत घरी आणले.

जिवंत झाडे बोटांवर मोजण्याइतकी निघाली.

देवरावजी आता हिंगणीत नाहीत. घाबरू नका, मी त्यांचा शिष्य नाही. नाहीत म्हणजे नाचणगावला लेकीकडे असतात. गुडघ्यांनी पूर्ण मान टाकली आहे. फोन केला की आधी मी जेवलो का ते विचारतात. पण ते गाव सोडून गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली सभा सांगितल्याशिवाय मला हे संपवता येणार नाही.

सभा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होती. भिंतीवर पडदा लावलेला, पडद्यावर कंपनीच्या पुण्याच्या मॅडम. झाडे लावलेले सगळे शेतकरी आले होते. सुशीलाबाई होती, नामदेवराव होते. देवरावजी पहिल्या रांगेत हिरवा टी-शर्ट घालून बसले, आणि अनसूयाबाई निंदणीवरून सरळ आल्या म्हणून दाराशी, हातात विळा तसाच.

मॅडम फार गोड बोलल्या. "देवराव सर, तुमच्यावर अन्याय झाला. तुम्ही भरलेली माहिती आमच्या माणसांनी पुन्हा तपासली. संपूर्ण जिल्ह्यात इतकी अचूक माहिती कोणाचीच नाही. तुमची आयडी आम्ही आत्ता, या क्षणी सुरू करत आहोत."

देवरावजींच्या खिशात मोबाईल वाजला. त्यांनी तो काढून माझ्यापुढे धरला. लाल पट्टी गेली होती. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. देवरावजी उठून उभे राहिले, पडद्याला हात जोडले आणि मागे वळून दाराकडे पाहिले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा हसताना मला दिसले.

मॅडम थोडे थांबून पुढे बोलल्या. या अचूक माहितीवरून असे दिसते की हिंगणी परिसरात झाडे जगण्याचे प्रमाण प्रकल्पाला परवडणारे नाही. त्यामुळे इथले काम थांबवून समुद्रपूरकडे वाढवण्यात येत आहे. तिथले निकाल उत्साहवर्धक आहेत.

टाळ्या कधी थांबल्या ते कळले नाही. देवरावजी उभेच होते.

"मंग माही आयडी?"

"आयडी सुरूच आहे सर," मॅडम म्हणाल्या. "ती कायम राहील. फक्त तुमच्या आयडीत आता झाडं शिल्लक नाहीत."

पडद्यावर मॅडमचा चेहरा मधेच अडकला, तोंड अर्धे उघडे. देवरावजींनी टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचल्यासारखी हातात फिरवत राहिले. नामदेवराव जमिनीकडे पाहत होते. आणि तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या अनसूयाबाई, ज्यांचा आवाज चार माणसांत गावाने कधी ऐकला नव्हता, त्या एकदम म्हणाल्या, "म्या यांले म्हनलं होतं, चार-दोन त ठेवा जिवंत."