हिरूमावशीची पाटी

हिरूमावशी मासे दाखवण्याआधी गिऱ्हाइकाची पिशवी बघायची. आत दूध किंवा दही दिसलं, की पाटीवर फडकं ओढून घ्यायची. "आधी दूध घरी ठेवून ये. म्हावरा कुठं पलून नाय जात."

अर्नाळ्याहून सकाळच्या बसने ती चंदनसारच्या नाक्यावर येऊन पाटी रिकामी होईपर्यंत बसायची. पापलेट घ्यायला आलेल्या एका गृहस्थांना तिने पिशवीतल्या श्रीखंडाच्या डब्यावरून परत पाठवलेलं मी पाहिलंय. शेजारच्या कोळणीने ते गिऱ्हाईक हसत हसत पटकावलं. हिला त्याचं काही नाही. माझ्या सासूबाईंनाही तिने एकदा दह्यापायी पिटाळलं, आणि कुणाचं न ऐकणाऱ्या आमच्या सासूबाई निमूट घरी आल्या.

मासे आणि दूध हा विरुद्ध आहार, त्याने अंगावर कोड उठतं, असं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला राहवलं नाही. "मावशी, याला पुरावा नाही हो."

"मंग शालंत शिकव. हिते मी बसलेय."

एका संध्याकाळी घाईत मी दुधाची पिशवी पर्समध्ये कोंबली आणि रिकामी पिशवी तिच्यापुढे धरली. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मांदेलीचा वाटा दिला. मी जिंकल्याच्या थाटात घरी आले. लेकीने मांदेली खाल्ली, वर ती पेलाभर दूधही प्यायली.

काही महिन्यांनी तिच्या गालावर पांढरा डाग उमटला. डॉक्टर म्हणाले, कोड आहे, खाण्याशी संबंध नाही, कुणाची चूक नाही. पण सासूबाईंचं रोज सुरू झालं, "मासे नि दूध एकत्र घातलंस तिला!" मी विज्ञान सांगत राहिले, पण आतून ती मांदेली मला सोडत नव्हती. एक दिवस लेकीनेच विचारलं, "आई, तू मला काय खायला घातलंस?"

नाक्यावर मावशीने नुसतं "काय झाला गो?" म्हटलं, आणि मी रडत सगळं सांगितलं. फक्त पर्समधलं दूध सोडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रिकामी पाटी घेऊन आमच्या चौथ्या मजल्यावर हजर. सासूबाईंना म्हणाली, "हिनं दुधासंगती म्हावरा कदी नेला नाय. नेनार कशी? देनारी मी. तुमाला तरी दिला का?" मग लेकीच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "आयनं काय नाय केला गो." त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

लिफ्टपाशी मला हळूच म्हणाली, "त्या दिशी पर्स ओली झालेली. मना दिसला व्हता."

"मग मासे दिलेत कशाला?"

"लपवते म्हंजे भिते. भिते ती ताटात जपून वाढंल, असा वाटला." तिने पाटी काखेला लावली. "माज्या बहिनीला असाच डाग आलेला. सारा गाव आयला बोलला. मरेपरत आय सोताला दोष देत व्हती. खरा का खोटा, मना नाय ठाव. पन माज्या पाटीतनं कोनच्या आयला दोष जायचा नाय."

नियमापायी रोजची गिऱ्हाइकं घालवणारी ही बाई माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलून निघाली होती. इतकं शिकून मला जे जमलं नव्हतं, ते तिने दोन-चार वाक्यांत केलं होतं. लिफ्ट खाली गेली तरी मी तिथेच हात जोडून उभी होते.

मावशी गेल्या वर्षी वारली. तिच्या जागी आता सून बसते. ती कुणाच्या पिशव्या बघत नाही. मी मात्र मासे मागण्याआधी माझी पिशवी उघडून तिच्यापुढे धरते. पर्ससुद्धा.