चिंचेच्या तालमीची हलगी

फुटबॉलची मॅच दीड तासाची. पण एक हंगाम संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंत जे काही चालतं, त्याला शिट्टी मारून थांबवणारा कुणी नसतो. म्हणून आमच्याकडे मॅचचे किस्से थोडे आणि मॅच नसतानाचे ढीगभर. एक सांगायला घेतला की मागून दुसरा शर्ट ओढतो.

कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आणि तालमी-तालमीची फुटबॉल टीम. कुस्तीच्या तालमीत फुटबॉल कसा शिरला, असं बाहेरचे विचारतात. आम्ही विचारत नाही. आमची चिंचेची तालीम. गेल्या हंगामात आम्ही सगळ्यात खाली होतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मला मध्ये थांबायला आवडत नाही.

*

आमची बैठक मंगलमावशीच्या चहाच्या गाड्यावर. आप्पा अध्यक्ष, म्हणजे कुणी नेमलेले नाहीत, पण बाकड्याचा सावलीतला कोपरा त्यांचा. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर, एकेकाळचे आमचे फुल बॅक. बंडूचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि टीमची हलगी त्याच्याकडे. कांबळे सर शाळेत पीटी शिकवतात आणि टीमचे कोच आहेत. मी मोटारी रिवाइंड करतो आणि भांडतो.

हलगी वाजवायच्या आधी शेकून तापवावी लागते, नाहीतर आवाज बसका येतो. बंडू ती मावशीच्या शेगडीवर शेकतो आणि मग स्टेडियममध्ये नेतो. आप्पांचा नियम कडक. आपला गोल झाला तरच हलगीला हात लावायचा. गेल्या हंगामात बिचारी दर मॅचला तापली आणि तशीच निवली.

शेवटच्या मॅचला एक साधा, लहान पोरानं अडवावा असा बॉल आमच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून आत गेला. संध्याकाळी गाड्यावर बैठक बसली. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं.

"पहिला सलीमला काढा," बंडू म्हणाला. "पस्तिशी उलटली. वाकूस्तवर बॉल जाळीत असतोय."

सलीम तिथंच बसला होता, बंडूच्या शेजारी. गाड्यांची सीट कव्हरं शिवतो, मिसरूड फुटल्यापासून आमच्या गोलात उभा आहे. त्यानं बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "बंड्याचं खरं हाय. पाय जड झाल्यात माझं."

आप्पा उसळले. "तू गप बस. तुझ्याबद्दल चाललंय, तुला कुणी इचारलंय?"

*

दुसऱ्या दिवशी सलीम माझ्या दुकानात आला. पंख्याची मोटार घेऊन आला होता, पण मोटार चांगली होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला.

"एक हंगाम दे म्हणावं सरांना," तो म्हणाला. "फक्त एक. मग मी आपणहून हातमोजे ठेवतो. पण त्या गोलावर नको रे. उद्या पोरगी इचारंल, अब्बा शेवटच्या मॅचला काय केलंसा, तर काय सांगू?"

मी ती मोटार उगाच खोलली आणि परत बसवली. माझ्याच्यानं दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

*

बंडूचा भाचा अमेरिकेत असतो. तो बास्केटबॉल बघतो आणि मामाला फोनवर शिकवतो. त्यामुळे बंडू महिनाभर टीम कशी बांधायची यावर लेक्चर देत होता. एके दिवशी त्यानं बॉम्ब टाकला.

"तिकडं जी टीम तळाला जाती, तिला नव्या पोरांतला चांगला पोरगा आधी निवडायला मिळतोय. म्हणून हुशार टीमा काय करत्यात, दोन-तीन वर्षं मुद्दाम हरत्यात. त्याला प्लॅनिंग म्हणायचं."

मावशीनं गाळणी हातात तशीच धरली.

आप्पांनी शांतपणे विचारलं, "तुझ्या भाच्याचा नंबर हाय?"

"हाय की. का?"

"फोन लाव. म्हणावं, आमी पाच वर्षं झाली सुरू केलंय. पोरगं कधी पाठवताय?"

*

तरी पोरगं हुडकायला आम्हीच निघालो. बिद्रीकडं एक उंच फॉरवर्ड आहे, गावच्या स्पर्धेत डोक्यानं गोल मारतो, अशी बातमी आली. आता अशी बातमी एका पेठेला कळली की दुसऱ्या पेठेला कळतेच. आमचे वैरी म्हणजे तळ्यावरची तालीम. त्यांना वास लागू नये म्हणून आप्पांनी शक्कल काढली. मुलगी बघायला चाललोय असं दाखवायचं. इस्त्रीचे कपडे, टोप्या, मावशी काठपदरात. गल्लीत विचारलं तर सांगायचं, बंडूच्या पुतण्यासाठी स्थळ आहे.

आम्ही त्या पोराच्या दारात उतरलो तर सोप्यात आधीच सहा माणसं इस्त्रीच्या कपड्यात पोहे खात बसलेली. तळ्यावरची तालीम. त्यांनी तर सोबत नारळ आणि ब्लाउजपीसही आणला होता.

पोराच्या आईनं आम्हालाही पोहे दिले. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "पावणं, पोरगं चांगलं खेळतंय, मला ठावं हाय. पर त्यो साखर कारखान्यात हाय. तुमचा हंगाम आन उसाचा हंगाम एकाच वक्ताला. बॉल मारायला सुट्टी कोण देणार?"

दोन्ही पेठांतल्या शहाण्यांपैकी एकालाही हे आधी सुचलं नव्हतं. त्यात परतताना आमची जीप बंद पडली आणि तळ्यावरच्यांनीच दोर लावून ती रंकाळ्यापर्यंत ओढून आणली.

*

मग शेठ आले. आमच्याच पेठेतले, आता मोठे बिल्डर. मावशीच्या बाकड्यावर रुमाल टाकून बसले. नवी जर्सी, नवे बूट, बाहेरचे तीन खेळाडू, सगळं मी बघतो म्हणाले. अट एकच. गोलकीपर मी आणणार, सलीमचं नाव यादीत नको.

"टीम धंद्यासारखी चालवा," शेठ म्हणाले. "भावना जरा बाजूला ठेवा."

मावशी त्यांना चहा देता देता म्हणाली, "भावना बाजूला ठिऊन तळाची टीम बघायला कोण येतंय शेठ? तुमी तर गेल्या साली एकदा बी दिसला न्हाईसा."

शेठ हसले. आम्ही नाही हसलो. रात्री सलीमला न कळवता तालमीत मत घेतलं. आप्पा नाही म्हणाले, मी नाही म्हणालो, मावशीला मत नाही तरी ती दारातून नाही म्हणाली. बाकी सगळी तालीम हो म्हणाली. बंडूनं तर दोन्ही हात वर केले. शेवटी कांबळे सरांनी तोड काढली. गोलकीपर आणा, पण सलीमचं काय करायचं ते मी नोंदणीच्या दिवशी ठरवीन. शेठना वाटलं, काम झालं.

*

बाहेरचा खेळाडू आणला की तो लपवावा लागतो. ही आमच्याकडची जुनी पद्धत. फुटबॉल संघटनेच्या ऑफिसात नोंदणीची सही होईपर्यंत खेळाडू कुणाचाच नसतो. दुसरी पेठ त्याला जेवायला घालून, गोड बोलून पळवते. आम्हीही पळवलेत, खोटं कशाला बोलू.

शेठचा गोलकीपर आला. मंजुनाथ, निपाणीकडचा, चोविशीतला गडी, मराठीत कानडी मिसळून बोलायचा. याला ठेवायचं कुठं? कुणाचा मामा कुठं, कुणाची बहीण कुठं, सगळं तळ्यावरच्यांना पाठ. फक्त सलीमची एक आत्या, त्याची फुफी, शिरोळला असते, ते त्यांना माहीत नव्हतं. बंडूनं लगेच सलीमला बोलावलं. "पावणा हाय, मधल्या फळीत हाफ खेळतोय. नोंदणीपतोर फुफीकडं ठेव. तू बी तिथंच ऱ्हा, पळून जाईल न्हाईतर."

सलीम मान डोलवून गेला. त्यांची गाडी दिसेनाशी झाल्यावर आप्पांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

"बंड्या, ज्याची जागा जाणार, त्याच्याच हातात दिलंस व्हय रे पोरगं?"

बंडूचा चेहरा असा झाला की मावशीनं त्याला न मागता पाणी दिलं. आम्ही दुधाची राखण मांजराला सांगितली होती. फोन करून काही बोलावं तर सलीमला कळणार. न बोलावं तर जीव टांगणीला.

*

नोंदणीचा शेवटचा दिवस. संघटनेच्या ऑफिससमोर सगळ्या पेठा उभ्या. आमचे शेठ गाडीत एसी लावून बसलेले. दुपार टळली, सलीमचा पत्ता नाही. फोन लागत नाही. तळ्यावरची पोरं लांबून विचारत होती, "काय आप्पा, पावणा जेवायला थांबला काय?"

"गेला आता हातातनं," बंडू म्हणत होता. पावण्याबद्दल की सलीमबद्दल, ते त्यालाच माहीत.

ऑफिसचा शिपाई दार लावायला उठला तेव्हा उसाच्या मळीनं माखलेला एक टेम्पो आला. सलीम उतरला, मागून मंजू.

"टेम्पो पंक्चर झाला," सलीम म्हणाला. "ह्यो घ्या तुमचा पावणा. हाफ न्हवं, गोलकीपर हाय."

"तुला कवा कळलं?" बंडूनं विचारलं.

"पहिल्याच दिवशी. हाफ खेळणारा बोटांना पट्ट्या कशाला गुंडाळतोय?" मग सरांकडं वळून म्हणाला, "सर, पोरगं चांगलं हाय. डाव्या अंगाला पडायला भीत होतं. फुफीच्या दारात उसाची रिकामी ट्रॉली हाय, तिच्यासमोर रोज करून घेतलंय. आता पडतंय."

आप्पांनी तोंड फिरवलं. मीही उगाच टेम्पोचं चाक बघायला गेलो. ज्यानं आपली जागा घ्यायची, त्याला शिकवून, वेळेत आणून उभं केलेल्या माणसाला काय बोलायचं असतं, हे मला अजून माहीत नाही.

आत टेबलावर मंजूची सही झाली. क्लार्कनं विचारलं, "जर्सी नंबर? गोलकीपर ना? एक?"

मंजू म्हणाला, "एक बेडा, नको. एक नंबर अण्णांचा हाय." आणि बोट सलीमकडं.

शेठ आत आले होते. "म्हणजे काय? गोलात कोण उभा राहणार मग?"

कांबळे सर आवाज चढवत नाहीत. शाळेतल्या पोरांना सांगतात तसं म्हणाले, "दोघांची नावं लिहा. पहिल्या मॅचला सलीम."

"मग माझ्या जर्सी विसरा," शेठ म्हणाले.

"गेल्या सालच्या हायत की," आप्पा म्हणाले. "धुतल्यात."

शेठ गेले. जर्सी गेल्या, बूट गेले, उरलेले दोन बाहेरचे खेळाडू गेले. मंजूलाही त्यांनी गाडीत बसायला सांगितलं. तो टेम्पोत जाऊन बसला.

*

पहिली मॅच नेमकी तळ्यावरच्यांशी. स्टेडियम भरलेलं. आमची पोरं गेल्या वर्षीच्या फिकट जर्सीत. गोलात सलीम, बाहेर बाकावर मंजू. सलीमची पोरगी मावशीच्या मांडीवर. बंडूनं हलगी शेकून आणली होती, पण तोंड वाकडंच. मॅच सुरू होईपर्यंत तो सरांना म्हणत होता, "सर, अजून इच्चार करा. मंजूला उभं करा. सगळ्या गावासमोर हसं हुईल."

सर घड्याळ बघत होते.

मॅच सुरू झाली आणि सलीमनं दोन बॉल असे अडवले की आमचा जीव भांड्यात पडला. एक तर डावीकडं अंग टाकून. मंजू बाकावरून उठून कानडीत काहीतरी ओरडला.

आणि मग तोच बॉल आला. तसाच, साधा, जमिनीवरून. सलीम वाकला. बॉल त्याच्या हाताखालून आत गेला.

तळ्यावरच्यांचा अख्खा स्टँड नाचायला लागला. मावशीनं पोरीला जवळ ओढलं. सलीमनं जाळीतला बॉल उचलला आणि तो हातात धरून आमच्या स्टँडकडं बघत उभा राहिला. आम्हाला त्याच्याकडं बघवत नव्हतं, आणि नजरही काढता येत नव्हती.

तेवढ्यात हलगी कडाडली.

मी वळून बघितलं. बंडू बाकड्यावर चढला होता. डोळे सलीमवर आणि हातातली टिपरी थांबत नव्हती. एक पोरगं उठलं, मग चार उठली, मग आमचा सगळा स्टँड उभा राहून नाचायला लागला. मावशीच्या मांडीवरची पोरगी टाळ्या पिटत होती. समोर तळ्यावरच्यांचा नाच हळूहळू थांबला. ते आमच्याकडं बघत राहिले.

आप्पांचा नियम मोडला होता. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी टोपी काढून हवेत धरली होती.

शेजारच्या जाळीपलीकडून तळ्यावरचा एक जण ओरडला, "ओ पावणं, गोल आमचा झालाय!"

बंडूनं हात थांबवला नाही. "ठावं हाय की," तो म्हणाला.