एका रात्रीत सुधारलेला गुणाजी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधेच चहाचा ठसका लागायला नको. कारण जे सांगणार आहे ते ऐकून आमच्या ताईचे मिस्टर, जे स्वतःच्या लग्नातही हसले नव्हते, ते बांधावर बसून रडेस्तोवर हसले. आणि माझं म्हणाल तर तो दिवस आठवला की अजून कानशिलं गरम होतात.

तर आमच्याकडे एक कुत्रा आहे. नाव गुणाजी. हे नाव बायकोनं, म्हणजे वसुधानं, मोठ्या आशेनं ठेवलं. रोह्याला माझी थोरली बहीण असते, तिनं गावातल्या कुणाकडून तरी हे पिल्लू आणून आमच्या पदरात घातलं. बदामी रंग, लोंबते कान, डोळे असे की देवळातला पुजारी वाटावा. घरी आणला आणि तासाभरात त्यानं पायपुसणं खाल्लं. चावलं नाही हो, खाल्लं!

मग सुरूच झालं. रिमोट गेला. वसुधाचा चष्मा गेला. सोफ्याच्या पोटातून त्यानं एवढा काथ्या उपसला की शेजारचे विचारायला आले, गादीवाला बसलाय का? गळ्यात चांगला चामड्याचा पट्टा घातला होता, तोही त्यानं कसा कोण जाणे सोडवून खाल्ला. बक्कल तेवढं कॉटखाली सापडलं. सकाळी उठला की दिवाणखान्यातून जो सुटायचा तो गॅलरीच्या कठड्याला धडकूनच थांबायचा, आणि परत उलटा. मी यूट्यूबवर बघून बघून शिकलो. ठाम आवाजात 'बस' म्हणायचं. मी ठाम आवाजात म्हणायचो. समोरच्या बिल्डिंगमधले लोक बसायचे, हा नाही.

तरीही निभत होतं. पण एक दिवस गच्चीचं दार उघडं राहिलं. वर मोकलकाकूंचे पोह्याचे पापड वाळत होते. आता पापडांसाठी गाजलेल्या आमच्या पेणमध्ये राहून कुणाच्या पापडांना हात लावणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको! गुण्यानं नुसते खाल्ले नाहीत. उरलेल्यांवर तो लोळला.

मोकलकाका आमच्या सोसायटीचे चेअरमन. ते शांतपणे खाली आले. माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"रविवारी सकाळी मी नि ही, दोघं बघायला येतो. कुत्रा माणसात आला असंल तर राहू दे. नायतर त्याला रोह्याला सोडून या. माझा नाइलाज हाय."

वसुधा त्या रात्री जेवली नाही. गुण्या जेवला. तिचंही.

शनिवारी आम्ही रोह्याला ताईकडे निघालो. एक म्हणजे ताईकडे पोपटी होती, मडक्यात शेंगा-कोंबडी भाजायचा बेत. थंडीत आमच्याकडे पोपटी केली नाही तर थंडी पडली असं कुणी मानतच नाही. आणि दुसरं, उद्या वेळ आलीच तर गुण्याला ठेवून घेशील का, हे ताईला विचारायचं होतं. ते विचारायचं धाडस काही होईना. वसुधा तर ताईकडे हळदीकुंकवाला दोन दिवस राहणार होती, तिनं माझ्याकडे बघायचंच बंद केलं होतं.

ताईच्या शेतात मडकं लागलं. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर भांबुर्डीचा पाला, आणि उलट्या मडक्याभोवती जाळ. गुण्याला मी आंब्याला दोरीनं बांधलं होतं. उन्हं कलली, मडकं उघडलं, तो घमघमाट सुटला, आणि त्याच क्षणी दोरी तुटल्याचा आवाज आला!

पुढचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. कोंबडीची तंगडी उडाली. ताईचे मिस्टर बाजूला उडाले. अर्धी दोरी गळ्यात घेऊन गुण्या बांध ओलांडून नदीच्या दिशेनं पसार.

वसुधा ताईबरोबर पातेली घेऊन घरी गेली होती, आणि मी मोबाइलची बॅटरी लावून शेताशेतातून "गुण्याऽऽ" करत फिरत होतो. अंधारून आलं होतं. दोन-तीन बांध ओलांडून गेलो, तर एका पेंढ्याच्या उडवीला टेकून महाशय बसलेले! बदामी रंग, लोंबते कान. गळ्यातली दोरी चावून टाकलेली दिसत होती.

मी ठाम आवाजात म्हटलं, "गुणाजी. चल."

आणि काय सांगू? तो उठला! शेपूट हलवत, माझ्या पावलाला पाऊल लावून चालत आला. मी गाडीचं दार उघडलं. आत चढला. सीटवर अंग टाकलं. एक सुस्कारा सोडला.

मला भरून आलं हो! म्हटलं, पोराला कळलं. आपलं घर सुटणार हे जनावराला कळलं. वसुधाला फोन केला, "गुण्या सापडलाय, मी असाच पेणला निघतो, सकाळी काका येणार आहेत," आणि गाडी काढली. एरवी हा नागोठण्यापर्यंत सीटबेल्ट कुरतडतो. त्या दिवशी वाटेत गडब गावाला मी चहाला थांबलो तेव्हाही आपला झोपलेला. मी त्याला बिस्किट दिलं. त्यानं ते दोन घासांत, चावून खाल्लं. चावून!

रविवारी सकाळी उठलो तर घर जागेवर. उशी उशीच्या आकाराची. गुणाजी दाराशी उभा राहून माझ्याकडे बघतोय, म्हणजे खाली न्या. खाली नेलं. एरवी हा प्रत्येक स्कूटरवर तंगडी वर करणारा. आज कोपऱ्यात गेला आणि बसून केली. बसून! मी म्हटलं, काय ही सभ्यता! एका रात्रीत!

मोकलकाका आणि काकू आले. काकूंनी येतानाच एक पापड आणला होता, कच्चा. तो त्यांनी गुण्याच्या नाकासमोर धरला. त्यानं पापड हुंगला, काकूंकडे पाहिलं, आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून पडून राहिला.

"अहो, हा तर देवमाणूस हाय," काकू म्हणाल्या.

"काय केलंत काय तुम्ही?" काकांनी विचारलं.

आणि मी, ऐका आता, मी सोफ्याला टेकून पायावर पाय टाकला आणि अर्धा तास बोललो! प्राण्यांचं मानसशास्त्र. आवाजातली ठामता. नजर कशी ठेवायची. काकांनी मान डोलावली. कुत्रा राहणार, ठरलं.

मी वसुधाला फोन लावला. ती आनंदानं रडलीच. मी फोटो पाठवला.

"अहो, गुण्या जरा जाड दिसतोय का?"

"पोपटी खाल्लीय त्यानं कालची!"

"हं. बरं ऐका ना, इकडे काय गोंधळ चाललाय! त्या पलीकडच्या भोईरकाकू नाहीत का, ज्यांच्याकडून ताईंनी गुण्याला आणला होता? त्यांची कुत्री राणी, आपल्या गुण्याची बहीण, काल संध्याकाळपासून बेपत्ता आहे. आणि तिच्या जागी कुठलं तरी मोकाट कुत्रं घुसलंय त्यांच्या घरात. गळ्यात तुटकी दोरी, पडदा फाडला, अंगण उकरलं, कोंबड्यांची जाळी फोडली. ताई सांगत होत्या, आपल्या गुण्यासारखंच आहे म्हणे अगदी!"

आणि तुम्हाला सांगतो, मी काय म्हणालो?

मी म्हणालो, "बघ! वळण नसलं की असं होतं. मालक कुठला तरी निष्काळजी असणार."

दुपार झाली. गुणाजी पडूनच. मग मात्र घरात इतकी शांतता मला सोसेना. मी माझी चप्पल त्याच्या पुढ्यात ठेवली. बघेना. नवीन चप्पल ठेवली. त्यानं तोंड फिरवलं. शेवटी मीच चप्पल त्याच्यासमोर नाचवली, "घे ना रे, खा ना थोडी!" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो.

पोटाला हात लावला तर पोट टम्म! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा सुधारलेला नाही, हा आजारी आहे! कोंबडीचं हाड अडकलंय! एवढं धडधाकट, घर खाणारं पोर माझं, मरणाच्या दारात पडलंय आणि मी त्याच्या जिवावर भाषणं ठोकतोय!

उचलला, गाडीत घातला, आणि प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. रविवार होता, पण तरुण बाई मोठ्या मायाळू, घरूनच दवाखान्यात आल्या.

"नाव काय?"

"गुणाजी," मी रडवेला होऊन म्हणालो. "डॉक्टर, कालपासून हा काहीच फोडत नाहीये."

डॉक्टरबाईंनी पोट दाबून पाहिलं. जरा खाली वाकल्या. मग सरळ उभ्या राहिल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"काका, गुणाजीला दिवस गेलेत."

"दिवस जाऊ देत हो, कितीही जाऊ देत! पण बरा होईल ना?"

"काका, तसे दिवस नाहीत. पिल्लं आहेत पोटात. कधीही होतील आता. ही कुत्री आहे."

मी टेबलाची कड धरली. मी म्हणालो, "पण काल सकाळपर्यंत तो…"

मग एकेक गोष्ट कानात वाजायला लागली. तुटकी दोरी. फाटलेला पडदा. आपल्या गुण्यासारखंच आहे म्हणे अगदी. देवा! मी पोटुशी कुत्री पळवून आणली होती! गुण्याची सख्खी बहीण!

वसुधाला फोन लावला. "अगं, ती राणी… माझ्याकडे आहे."

मग तिनं फक्त विचारलं, "तुम्ही शू करायला नेताना बघितलं नाहीत?"

"बघितलं ना. मला वाटलं सभ्यपणा आहे."

तिनं फोन ठेवला.

पेण ते रोहा त्या दिवशी मी जी गाडी चालवली, तशी नवरीची वरातही कुणी नेली नसेल. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, धक्का बसू देऊ नका. आणि आमचा रस्ता! प्रत्येक खड्ड्याला मी गाडी थांबवायचो, मागं वळून बघायचो, "राणी, बाळा, कळ काढ," म्हणायचो आणि हळूच चाक उतरवायचो. मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकले. एकजण खिडकीतून ओरडला, "अंडी भरलीयेत काय?" मी म्हटलं, "जवळजवळ तेच!"

भोईरकाकूंच्या अंगणात अर्धा गाव जमला होता. अंगण नांगरल्यासारखं. मधोमध बैलाच्या साखळीला बांधलेला गुणाजी, तोंडात पडद्याची झालर. मला पाहिल्याबरोबर त्यानं असा काही हंबरडा फोडला आणि अशी उडी मारली की खुंटी उपटून साखळीसकट छातीवर आला. मी धुळीत आडवा. तो माझं तोंड चाटतोय, चष्मा चावतोय. आणि खरं सांगतो, सगळ्या गावासमोर मी त्याला मिठी मारून म्हणत होतो, "फोड रे बाबा, काय फोडायचं ते फोड!"

मोकलकाकांचं काय झालं विचाराल. संध्याकाळी परत आल्यावर सगळं खरं सांगितलं. काका आधी लालबुंद झाले, मग काकू हसायला लागल्या, मग तेही. आता गुण्याला रोज पहाटे धरमतरच्या खाडीपर्यंत पळवून आणायचं या अटीवर तो राहिलाय. मीही पळतो. इलाजच नाही, दोरी माझ्या हातात असते.

पण ते नंतरचं. त्या अंगणात अजून मी धुळीत होतो आणि भोईरकाकू राणीला पोटाशी धरून बसल्या होत्या. डोळे सुजलेले. रात्रभर कंदील घेऊन नदीकाठ धुंडाळला होता त्यांनी.

"दिवस भरलेली पोर ती माझी," त्या म्हणाल्या. "तुम्ही आवाज दिला नि ती आली, म्हणून तुमची झाली व्हय?"

"काकू, चुकलं. अंधार होता…"

"रात्री अंधार होता. सकाळी काय होतं? पेणला दिवस उगवत नाय?"

मी खाली मान घातली. जमलेले लोक तोंडाला पदर, टॉवेल, मिळेल ते लावून उभे होते. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग वसुधाकडे वळून, जरा काळजीनंच, विचारलं,

"गो, करतात काय हे? नोकरीबिकरी हाय ना?"

मी वसुधाला डोळ्यांनी खूण केली. विनवणीच केली म्हणा ना. पण दुपारच्या फोनपासून ती माझ्यावर धुमसत होती.

"हायस्कूलात मास्तर आहेत," ती म्हणाली. "दहावीला जीवशास्त्र शिकवतात."

काकूंनी राणीच्या डोक्यावरून हात फिरवला, दारात उभ्या असलेल्या नातीकडे पाहिलं, आणि मग अगदी गंभीरपणे मला म्हणाल्या,

"शाळेचं नाव सांगून ठेवा, मास्तर. आमचे पोरीला तिथं नको घालायला."