पाच लिटर समुद्र

कोकणातल्या एका कोळ्यांच्या गावात आठ दिवस नुसता खुर्चीत लोळून मी रेल्वेनं ग्वाल्हेरला परतत होतो. समोर ग्वाल्हेरच्या आमच्याच ‘खासगी बाजार’ मोहल्ल्यातले एक गृहस्थ बसले होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण माझं सगळं लक्ष त्यांच्या मांडीवरच्या कॅनकडे होतं. त्यात पाच लिटर समुद्र होता. ते एका लग्नासाठी एकच दिवस तिकडे गेले होते. गुडघ्यांमुळे बायकोला जाता आलं नव्हतं, म्हणून ती आता घरीच टबमध्ये पाय बुडवून बसणार होती.

कॅन ते क्षणभरही खाली ठेवत नव्हते. आमच्याकडे इतकं जपून नेलेलं पाणी म्हणजे गंगाजलच. शेजारच्या आजींनी तळहात पुढे केला आणि यांनी मुकाट्यानं झाकणभर पाणी दिलं. आजींचं तोंड वाकडं झालं, पण गंगाजल थुंकणार कसं? मग अख्खा डबा रांगेत आला.

"खरं का सांगत नाही?" मी कुजबुजलो.

"अहो, झूठ थोडीच आहे? गंगा शेवटी समुद्रातच तर जाते."

झाशी येईपर्यंत कॅन निम्मा झाला. ते शांतपणे उतरले, नळाचं पाणी भरून घेतलं, काकडीवाल्याकडून मिठाच्या पुड्या आणल्या, कॅन खळखळून हलवला आणि झाकण माझ्यापुढे धरलं.

"आपण तर आठ दिवस राहून आलात. बघा बरं, जमलाय का?"

आठ दिवसांत मी समुद्रात पायाचा अंगठासुद्धा बुडवला नव्हता. तरी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणालो, "मीठ जरा कमी आहे."